पडद्याकडे पाठ करून उभा टेकूशेठ

बदलापूर पश्चिमेला, हेंद्रेपाड्यात, मी सकाळी ज्या टपरीवर चहा पितो तिथे मागच्या महिन्यात एक तरुण गडी मोबाइलवर पिक्चर बघत बसला होता. शेजारच्याला सांगत होता, "पहिला पार्ट बघ, जबरा आहे. पुढचे बघू नको. काढणाऱ्याला अक्कल नव्हती, पहिला चुकून जमला."

मी अर्धा चहा तसाच ठेवला. काढणारा म्हणजे आमचा टेकूशेठ. तो आता नाही. मी आहे, आणि चौथी शिकलेला असलो तरी मला लिहिता येतं. म्हणून लिहितो. पहिला पिक्चर चुकून जमला, हे खरं आहे. अक्कल नव्हती, हे खोटं आहे.

टेकूशेठचं पूर्ण नाव टेकचंद, सिंधी. उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये, बाजाराच्या मागच्या गल्लीत त्याचा परकर शिवायचा कारखाना. खाली दुकान, वर शिलाईच्या मशिनी. मी जांभूळचा, आगरी. घरच्या भातशेतीवर भागेना म्हणून टेम्पो घेतला होता आणि शेठच्या परकरांचे गठ्ठे अंबरनाथ, बदलापूर, वांगणी असे पोचवायचो. त्याने मला कधी नावाने हाक मारली नाही. शेवटपर्यंत मी "जांभूळवाले" होतो. मी त्याला शेठ म्हणायचो, तुम्ही म्हणायचो, पण टिंगल करायची मुभा दोन्हीकडून होती.

बुटका माणूस. पोट पुढे, केस मागे सरकलेले. गळ्यात मापाची टेप, ती मी कधी उतरलेली पाहिली नाही. लग्नाला गेला तरी कोटावर टेप. लाजूभाभी, म्हणजे त्याची बायको, म्हणायची की माझ्या गळ्यात मंगळसूत्र नि ह्यांच्या गळ्यात टेप, दोघांचं लग्न झालंय पण एकमेकांशी नाही. शेठ त्या टेपचा चौकोन करायचा, एक डोळा मिटायचा आणि त्यातून समोरचं बघायचा. गिऱ्हाइकाला वाटायचं, कापडाचा हिशोब चाललाय. चाललेला असायचा पिक्चर.

धंद्यातलं त्याचं एक वाक्य होतं. नवीन बाई मशिनीवर बसली की पहिल्या दिवशी तिला ते ऐकावं लागायचं. "परकर दिसला की साडीची इज्जत गेली. आपण असा माल शिवतो की जो कोणाला दिसला नाही पाहिजे. पण तो आत नसला तर साडी उभी राहत नाही." बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण शेठ स्वतःच ते विसरला.

भुताच्या पिक्चरचं त्याला वेड. कॅम्पात तेव्हा व्हिडिओ हॉल होता. दुपारी गल्ल्यावर भाभीला बसवून हा तिकडे पळायचा. पण खुर्चीवर बसायचा नाही. पडद्याच्या बाजूला भिंतीशी उभा राहायचा, पडद्याकडे पाठ आणि पब्लिककडे तोंड. हॉलवाल्याला आधी तो पाकीटमार वाटला. मग त्याला कळलं की हा वेडा आहे, आणि वेड्याचं तिकीट निघालेलं आहे, तेव्हा त्याने सोडून दिलं.

शेठचं म्हणणं असं: "पडद्यावर काय चाललंय ते लोकांच्या तोंडावर दिसतं, साईं. हसणारा पुढे बघतो. रडणारा खाली बघतो. खरा घाबरलेला मागे बघतो, दाराकडे. त्याला वाटतं, जे पडद्यावर आहे ते आता पडद्यावर राहिलेलं नाही." असे मागे बघणारे त्याने फार थोडे पाहिले होते. ते त्याला स्वतःच्या पिक्चरमध्ये बघायचे होते. त्या माणसाची हाव एवढीच होती. बंगल्याची नव्हती, गाडीची नव्हती.

पिक्चरचं नाव "चिंचेखालची". सीडीचा जमाना होता. लग्नाची शूटिंग करणाऱ्या एका ओळखीच्याचा कॅमेरा आणला. लाइट परवडत नव्हते, म्हणून शेठने ठरवलं की भूत भर दुपारी दाखवायचं. मी म्हटलं, आमच्याकडे म्हातारी माणसं भर दुपारी चिंचेखालून जाऊ देत नाहीत, मग तुमचं बरोबरच आहे. जांभूळला वॉटर वर्क्सच्या मागच्या अंगाला एक जुनी चिंच होती. जागा मीच दाखवली.

गोष्ट एवढीशी. एक माणूस दुपारी चिंचेखालून आडवाटेने जातो. तिथे पांढऱ्या साडीतली एक बाई पाठमोरी उभी. तो घरी येतो. दुसऱ्या दिवशी ती त्याच्या घरात, कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून उभी. ज्याने तिला बघितलं त्याच्या त्याच्या घरी ती जाते. मारत नाही, ओरडत नाही. उभी राहते. बस.

आता ती पाठमोरी का, ते सांगतो. मुळात ती पाठमोरी नव्हतीच. अंबरनाथच्या नाटकमंडळीतली एक बाई ठरली होती, तिचे दात-बीत बनवून ठेवले होते. खऱ्या चिंचेखाली खऱ्या दुपारी उभं राहायचंय हे कळल्यावर ती आलीच नाही. सगळे उन्हात बसलेले, कॅमेऱ्याचं भाडं चाललेलं. शेठ उठला, माझ्याजवळ आला आणि टेप लावून मला वरपासून खालपर्यंत मापलं. "जांभूळवाले, तुझी उंची भुताची आहे." मी तेव्हा सडपातळ आणि उंच होतो, आताही आहे. साडी नेसायला माझी ना नव्हती. आमच्याकडे शिमग्याला पुरुष सोंग घेतात, त्यात लाज नाही. पण मिशीचं काय?

शेठ म्हणाला, काढ. मी म्हटलं, नाही. आमच्यात बाप जिवंत असताना मुलगा मिशी काढत नाही. बाप गेला की काढतात, त्याच्या दिवसात. मिशी काढलेला मुलगा रस्त्याने दिसला तर लोक विचारतात, बाबा कधी गेले. आणि आमचा बाबा तर तिथेच बांधावर बसून शूटिंग बघत होता. शेठ त्याच्याकडे गेला, हात जोडले, महिन्यात परत उगवते म्हणाला. बाबाने विडी बाजूला केली आणि म्हणाला, "मी जिता हाय तवर ती उतराची नाय. तुला घाई असल तं मला आधी मार."

मग लपवालपवी सुरू झाली. पदर पुढे ओढून पाहिला, मिशी दिसते. केस तोंडावर टाकले, वारा आला की दिसते. मिशीला पावडर फासली, तर भूत म्हणजे लग्नात नाचणारा आजोबा दिसायला लागला, पोरं लोळून हसली. शेठ कपाळ धरून बसला. शेवटी वैतागून म्हणाला, "तू तिकडे तोंड कर. झाडाकडे. उभा राहा आणि हलू नको." मी उभा राहिलो. शेठने टेपच्या चौकोनातून बघितलं. पोरांचं हसू थांबलं. मला पाठीवर त्यांची नजर लागत होती. मग शेठ हळूच म्हणाला, "हीच आहे."

त्या दिवसापासून त्याने नियम केला. अंगावर साडी असेपर्यंत जांभूळवाल्याशी कोणी बोलायचं नाही, त्याचं नाव घ्यायचं नाही. आणि जेवणाला भूत पहिलं. लाजूभाभी डाळ-पकवान, म्हणजे डाळ आणि कडक तळलेल्या पुऱ्या, पाठवायची, त्यातलं पहिलं ताट माझं, तेही लांब बसून, सगळ्यांकडे पाठ करून खायचं. "ती आपल्याकडे कामाला आली आहे," शेठ म्हणायचा, "तिला उपाशी ठेवून आपण जेवायचं?" मला सांगा, असा मालक कुठे असतो? चार दिवसांनी युनिटमधले लोक खरंच माझ्या वाऱ्याला उभे राहीनात.

पहिला खेळ आमच्या गावच्या समाजमंदिरात झाला, रविवारी दुपारी. खिडक्यांना शेठने काळं अस्तराचं कापड ठोकलं आणि स्वतः पडद्याला पाठ करून उभा राहिला. सुरुवातीला पोरं शिट्ट्या मारत होती. मग ती घरात कोपऱ्यात उभी दिसली. वॉटर वर्क्सच्या पंपांची घूं अशी घरघर शूटिंगमध्ये आली होती, काढता आली नव्हती, ती चालूच. आणि मी बघितलं, पुढच्या रांगेतल्या बाया एकेक करून मान वळवून दाराकडे बघायला लागल्या. मग मधली रांग. मग सगळे. शेठच्या तोंडावर असं काही आलं होतं, जसं माणसाला पहिलं मूल हातात देतात तेव्हा येतं.

घरी जाताना बाबा मला म्हणाला, "त्या बाईची पाठ आपल्या घरातली वाटते." मी मिशीवरून हात फिरवला.

सीडी धडाधड खपली. कॅम्पातल्या बाया दुकानात येऊन परकर बघायच्या आणि हळूच विचारायच्या, ती सीडी आहे का. आणि त्याच्या मागोमाग दुसरा प्रश्न यायचा: शेठ, तिचं तोंड कसं आहे?

ह्या प्रश्नाने घात केला. लोकांनी विचारलं तोपर्यंत ठीक होतं, पण हळूहळू शेठ स्वतःच विचारायला लागला. ती कोण असेल, कुठून आली असेल, तोंड कसं असेल. माल उतरवताना मला विचारायचा. मी म्हणायचो, तिला मिशी आहे, विषय संपला. तो हसायचा नाही. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. मग एक दिवस मला म्हणाला, पार्ट दोन काढतोय, यावेळी चेहरा दाखवणार, तुझे बाबा कसे आहेत? मी म्हटलं ठणठणीत आहेत, आणि टेम्पो घेऊन निघालो. पुढे बरेच दिवस मी त्याचा माल उचलला नाही. माझ्या बापाच्या तब्येतीची चौकशी अशी करायची नसते.

पार्ट दोनला कल्याणहून देखणी बाई आणली. धुराचं मशीन आणलं, लाल बल्ब आणले, लांब नखं. अंबरनाथला हॉल घेऊन खेळ लावला. मी रागावलेला होतो तरी गेलो. ती वळली, आणि चेहरा दिसला, आणि मागून कोणीतरी म्हणालं, "अरे, ही तर चांगली आहे दिसायला." हॉल हसला. त्यानंतर ती किंचाळली तरी हसला, नखं दाखवली तरी हसला. मध्यंतरानंतर खुर्च्या रिकाम्या. शेठ रिकाम्या खुर्च्यांकडे तोंड करून शेवटपर्यंत उभा. मी म्हटलं, बंद करा शेठ, वीज तरी वाचेल. तर म्हणतो, "अर्ध्यात बंद कसा करू? ती अजून आत आहे." बाहेर चहावाल्याने त्याला विचारलं, "शेठ, बाईसाठी एखादं स्थळ बघू का?" शेठ हसला आणि त्याला म्हणाला, बघ, पण मुलगा घाबरणारा पाहिजे. हार तोंडावर दिसू द्यायची नाही, हे त्याचं फार मोठं.

तिसऱ्याच्या वेळी त्याचा मुलगा विकी मोठा झाला होता. कॉम्प्युटरवर पिक्चर कापायला-जोडायला शिकून आला होता. पोरगा कामाला चांगला, बापावर जीव. तो म्हणाला, पप्पा, पुढे जाऊन चुकलो, आता मागे जाऊ, आजकाल प्रीक्वल काढतात. मला कोणीतरी अर्थ सांगितला: गोष्टीच्या आधीची गोष्ट, नंतर काढायची. मी म्हटलं, म्हणजे बारसं झाल्यावर डोहाळजेवण. शेठने मला हातानेच गप्प केलं. त्याचे डोळे चमकत होते. ती कोण होती, ते आता कळणार होतं. त्यालाच सांगायचं होतं, तरी जणू दुसरं कोणी त्याला सांगणार होतं.

"चिंचेखालची: त्याआधी." त्यात ती एक साधी सून. सासू छळते, नवरा दूर, दोन गाणी, एक हळदीचं, मग ती चिंचेखाली जीव देते. विकीने पंपांची घरघर साफ पुसून टाकली. चित्र स्वच्छ, आवाज स्वच्छ. बदलापूरला दाखवला. कोणी उठून गेलं नाही. कोणी हसलं नाही. बाया रडल्या. शेठ पडद्याला पाठ करून बघत होता आणि सगळे खाली बघत होते, एकही मागे नाही. निघताना एक आजी त्याच्या हाताला धरून म्हणाली, फार सोसलं हो पोरीने.

तेवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण त्यानंतर कोणी पहिली सीडी लावली, की ती पाठमोरी दिसल्याबरोबर घरातल्या बाया म्हणायच्या, बिचारी. आमच्याच घरात म्हणाल्या. भूत गेलं. पुढचं सोडा, मागचंसुद्धा गेलं. लाजूभाभी एक दिवस जेवायला वाढताना शेठला एवढंच म्हणाली, "जन्मभर बायांना सांगत आलात. आणि तुम्ही साडी वर करून परकर दाखवलात." शेठने ताट सारलं नाही, पण जेवलाही नाही.

काही दिवसांनी मी भर दुपारी शेतावरून येत होतो, तर चिंचेखाली शेठ बसलेला. रिक्षा करून एकटा आला होता. समोर दगडावर डाळ-पकवान काढून ठेवलेलं. मी बाजूला बसलो. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी तिला घालवली रे."

मी म्हटलं, पिक्चर होता शेठ.

"डॉक्टर म्हणतो काचबिंदू आहे. आधी कडेचं जातं, मग मधलं." त्याने टेपचा चौकोन केला, झाडाकडे धरला आणि खाली ठेवला. "मला एकदा लोक मागे बघताना बघायचेत. फक्त एकदा. मग डोळे गेले तरी जाऊ दे."

मी म्हटलं, मी उभा राहतो. तो म्हणाला, तुझे बाबा? मी म्हटलं, आहेत. अंथरुणावर आहेत, पण आहेत. तो म्हणाला, बरं आहे, असू देत. यावेळी तब्येतीची चौकशी त्याने नीट केली, बाबाच्या आजारपणात शूटिंग नको म्हणाला, आणि पुढे येताना बाबासाठी दर वेळी मऊ खिचडी घेऊन यायचा. बाबा त्याला ओळखायचा. एकदा डोळे मिटलेले असतानाच म्हणाला, "शेठ, अजून नाय मेलो. तुझा धंदा खोळंबला."

बाबा गेला तो पिकून गेला, भरल्या घरात गेला. विधीला मी मिशी उतरवली. आरशात बघितलं तर मीच मला ओळखलं नाही. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी शेठ आला, विकीच्या हाताला धरून. तोवर त्याला समोरचं माणूस सावलीसारखं दिसत होतं. शेजारी बसला, बाबाच्या दोन आठवणी काढल्या. मग विकी माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, पप्पा, अंकलची मिशी गेली. आता चेहरा दाखवता येईल.

मला वाटलं, आता हा मागणार. आणि खरं सांगतो, मी हो म्हणालो असतो. मला आता अडवणारं कोणी नव्हतं. शेठने हात पुढे केला आणि बोटांनी माझा ओठ चाचपला, जसं कापडाचा पोत बघतात तसा.

"वाढू दे," तो म्हणाला. "पूर्ण वाढू दे. मग शूटिंग."

विकी म्हणाला, पण पप्पा, आता गरज नाही ना लपवायची.

"म्हणूनच." शेठने डोळे मिटले. "ती मिशी लपवायला आपण जेवढं मेलो, तेवढाच तो पिक्चर होता. दाखवायला काही अडचणच नसेल तर मी काय लपवू? मला अडचण पाहिजे."

म्हणून आम्ही माझ्या मिशीसाठी थांबलो. जगात कुठल्या पिक्चरची शूटिंग अशी थांबली असेल, मला दाखवा. शेठ फोन करून विचारायचा, कुठवर आली? मी म्हणायचो, ओठावर आली. सगळी पांढरी उगवली.

चौथा पिक्चर अर्ध्या तासाचा. हेंद्रेपाड्यातला एक फ्लॅट, शेठच्या गिऱ्हाइकाचा. नवीन कुटुंब राहायला येतं. गॅलरीत एक बाई पाठमोरी उभी. बायकोला वाटतं नवऱ्याची कोणी पाहुणी, नवऱ्याला वाटतं बायकोची. फरशीवर चिंचेचा एक वाळका आकडा पडलेला. कोण, कुठली, काही सांगायचं नाही. मी साडी नेसून गॅलरीत उभा राहिलो, तर समोरच्या बिल्डिंगमधल्या एका काकूंनी सोसायटीच्या सेक्रेटरीला फोन केला, की त्या घरात कोणी बाई सकाळपासून उन्हात उभी आहे, तिला आत तरी घ्या, चक्कर येईल. सेक्रेटरी धावत आला. मी वळलो, त्याने मिशी बघितली, आणि तो जिन्यावर बसला. शेठ इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं.

दिसत नव्हतं म्हणून शेठ कानाने काम करत होता. मला गॅलरीतून स्वयंपाकघरात चालायला लावायचा आणि बांगडीचा आवाज ऐकायचा. नको, पुन्हा. हळू. आता बरोबर. आणि विकीने एक गोष्ट केली, जी त्याला कोणी सांगितली नव्हती. तो स्वतः जांभूळला जाऊन पंपांची घरघर भरून घेऊन आला आणि पूर्ण पिक्चरखाली घातली. शेठने पहिल्यांदा ऐकली तेव्हा पोराच्या डोक्यावर हात ठेवला. जेवणाला पहिलं ताट माझं होतं. सत्तरीला आलेल्या माणसाने भिंतीकडे तोंड करून डाळ-पकवान खाल्लं, आणि मला त्याचा अभिमान आहे.

हा चौथा मोबाइलवर सापडणार नाही. शेठने टाकू दिला नाही. म्हणाला, मोबाइलवर बघणाऱ्याच्या मागे दार नसतं. विकी तो अजून हॉल घेऊन दाखवतो, काळं अस्तर खिडक्यांना ठोकून. टपरीवरच्या त्या गड्याला मी चहा परत भरून घेतल्यावर सांगितलं, येत्या रविवारी अंबरनाथला खेळ आहे, ये, आणि पुढे बस. तो म्हणाला, काका, पार्ट चार म्हणजे बेकारच असणार. मी म्हटलं, ये तर.

ह्या चौथ्याचा पहिला खेळ, शूटिंग झालं त्याच बिल्डिंगच्या खालच्या हॉलमध्ये झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत शेठ आणि भाभी मुलीकडे इंदूरला गेले, आणि शेठ तिकडेच वारला. त्यामुळे माझ्याकडे त्याचं शेवटचं जे आहे ते त्या दुपारचं.

प्लास्टिकच्या खुर्च्या भरलेल्या होत्या. सोसायटीच्या बाया, पोरं, म्हातारे, तो सेक्रेटरी, त्या काकू. शेठ नेहमीच्या जागी, पडद्याच्या बाजूला, पब्लिककडे तोंड करून. एका हाताने माझं कोपर धरलेलं. आता त्याला काहीच दिसत नव्हतं. पोरांचा गोंधळ चालला होता. मग घरघर सुरू झाली, गॅलरी आली, ती उभी दिसली, आणि हॉल हळूहळू शांत झाला. इतका शांत, की वरच्या मजल्यावरच्या कुकरची शिट्टी ऐकू आली. शेठची बोटं माझ्या कोपरात रुतली.

"गेले काय सगळे?" त्याने विचारलं.

"बसलेत शेठ."

"माझं मन राखू नको."

"मी कोणाचं मन राखतो का? बसलेत. काकूंनी तर पाय वर घेतलेत."

तो ऐकत राहिला. पडद्यावर गॅलरी रिकामी झाली. बांगडी वाजली, आतून कुठून तरी. आणि मग सगळ्या हॉलभर प्लास्टिकच्या खुर्च्या एकदम करकरल्या. लहान पोरांनी आयांचे हात धरले, आणि लोक वळून दाराकडे बघत होते. दारावर शेठचं काळं अस्तर पंख्याच्या वाऱ्याने हलत होतं.

मी सांगायच्या आधी त्याला कळलं होतं. त्याने माझं कोपर सोडलं. आणि व्हिडिओ हॉलच्या काळापासून मी ज्याला कधी पडद्याकडे बघताना पाहिलं नव्हतं, तो माणूस भिंतीला हात लावत हळूहळू वळला आणि त्याने पडद्याकडे तोंड केलं. उजेड त्याच्या कपाळावर पडला.

"कशी दिसते?"

ती आता स्वयंपाकघरात, कोपऱ्यात उभी होती.

"पाठमोरी," मी म्हटलं.

शेठने मान हलवली. गळ्यातली टेप काढली, नीट गुंडाळली, खिशात ठेवली. आणि पिक्चर संपेपर्यंत तसाच तिच्याकडे तोंड करून उभा राहिला.